न लागलेली तहान

हौद काठोकाठ भरलेला होता आणि गोठ्यातली एकही गाय त्याच्याकडे बघत नव्हती.

माणदेशातल्या बोरखडीत याचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. पत्र्यावर दुपारचं ऊन तडतडत होतं, वाऱ्याचा लवलेश नव्हता, माणसं घोटाघोटानं पाणी पुरवून पीत होती आणि गायी मात्र दावणीला ओळीनं उभ्या राहून संथ रवंथ करत होत्या. ना धाप, ना हंबरणं. बाहेरगावचा पाहुणा आला की गावकरी त्याला मुद्दाम भर उन्हात गोठा दाखवायला आणत.

डॉ. प्रणाली बंडगर फाटक ढकलून आत आली, तेव्हा सुलाबाई खरात तिची वाटच बघत होती. सुलाबाईची गाय शेवटच्या दावणीला होती. लोखंडी खांबाला कपाळ टेकवून, जणू तो खांब ढकलायचाय अशी ती उभी होती.

"सकाळधरनं अशीच हाय," सुलाबाई म्हणाली. "हाळी दिली तरी वळंना. दृष्ट लागली म्हणावं तर कुणाची?"

प्रणालीनं गाईच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी लवली नाही. कासरा ओढून पाहिला, तर गाय पुढं यायच्या ऐवजी अडखळत मागं सरकली आणि कराकरा दात खाऊ लागली. प्रणालीनं पटकन हातमोजे चढवले. पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल का? कुठं रंगाचा डबा चाटून शिसं पोटात गेलं असेल? की जीवनसत्त्वाची कमतरता? एकेक शंका मनातल्या मनात तपासत तिनं मानेच्या शिरेतून रक्त काढलं आणि थेंबभर रक्त हातातल्या तपासणी यंत्रावर टाकलं.

आकडा आला तेव्हा तिला वाटलं, यंत्र बिघडलं. तिनं दुसऱ्यांदा तपासलं. तोच आकडा. गाईच्या रक्तातलं मीठ इतकं वाढलं होतं, की एवढ्या मिठावर गाय उभी कशी, हाच प्रश्न पडावा.

"सुलाबाई, ही पाणी कधी प्यायली?"

"पिती की. म्हंजे, ती तोषची कांडी चालू झाल्यापासनं पिती तेवढंच. लावतीया तोंड सकाळ-संध्याकाळ."

प्रणालीनं शेजारच्या गाईचं रक्त काढलं. ही गाय छान खात होती, कान हलवत होती, डोळे स्वच्छ. तिचाही आकडा चढलेला. मग तिच्या शेजारची. मग समोरच्या ओळीतली. अख्खा गोठा आजारी होता आणि गोठ्याला ते ठाऊक नव्हतं.

प्रणाली गावच्या दूध संस्थेची पशुवैद्य. ती लग्न होऊन बोरखडीत आली, त्याच साली पावसानं गावाकडे पाठ फिरवायला सुरुवात केली होती. लागोपाठच्या कोरड्या वर्षांनी विहिरी आटल्या, बोअरचं पाणी मचूळ झालं आणि टँकर किती वेळा येणार हे सरकारी कचेरी ठरवू लागली. शेवटी घरोघरची जनावरं एका छपराखाली आणायची असं ठरलं. प्रणालीचा नवरा ओंकार या सामायिक गोठ्याचा कारभारी झाला. सासरे सिदू आप्पा कुठल्याच पदावर नव्हते, पण उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ते तिथंच असत. त्यांची हयात जनावरांत गेली होती.

छप्पर एक झालं म्हणून तहान कमी होत नाही. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला एवढं पाणी पिते, की तेवढ्यात एक घर भागावं. दुधात मुळी बहुतेक पाणीच. शिवाय खाल्लेली वैरण पोटातल्या ज्या मोठ्या कोठीत मुरते, ती कोठी म्हणजे एक रांजण. त्यात असंख्य जिवाणू पोहत असतात आणि तेच कडब्याचं अन्न करतात. रांजण आटला की जिवाणू मंदावतात, गाय वैरण टाकते, दूध पळतं. पेंड, क्षार, जीवनसत्त्वं यांच्या गोष्टी नंतरच्या. पाणी हाच जनावराचा पहिला खुराक, असं प्रणाली गावोगावच्या बायकांना शिकवत आली होती.

आणि मग 'तोष' आली. दिसायला साध्या कांडी पेंडीसारखी. पण तिच्यात प्रयोगशाळेत घडवलेला एक जिवाणू होता. तो गाईच्या कोठीत वस्ती करायचा आणि एक बारीकसं प्रथिन तयार करायचा. ते प्रथिन रक्तात उतरलं की दोन कामं करायचं. मूत्रपिंडाला सांगायचं, पाणी सोडू नकोस, धरून ठेव. आणि मेंदूत जिथं रक्त जरासं खारट झालं की तहानेची घंटा वाजते, तिथं जाऊन ती घंटा दाबून धरायचं. गाय निम्म्या पाण्यात भागवायची. दूध किंचित कमी व्हायचं, एवढंच. चाचण्या चोख झाल्या होत्या. प्रणालीनं सगळे अहवाल बारकाईनं वाचले होते आणि गावच्या बैठकीत उभं राहून तिनंच लोकांना समजावलं होतं.

त्या बैठकीत पहिला हात आप्पांचा वर झाला होता. आदल्या दुष्काळात तहानेनं वाळूत तोंड खुपसणारी जनावरं त्यांनी पाहिली होती. "मुक्या जीवाला तहानच लागू नये, यापरीस पुण्य कंचं?" ते म्हणाले होते आणि आपल्या चांदरी गाईला त्यांनी स्वतःच्या हातानं पहिली कांडी भरवली होती. त्या भरवशावर गावानं गायीही वाढवल्या होत्या.

मग आता बिनसलं काय? प्रणाली गोठ्यामागं गेली. मुरघासाचा खड्डा रिकामा पडला होता. वरचं काळं प्लास्टिक उन्हात वळून गेलं होतं. ती तिथंच थबकली.

मुरघास म्हणजे ओला चारा. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी. चाचणीतल्या प्रत्येक गाईला मुरघास होता. बोरखडीच्या गाईंनाही होता, गेल्या पंधरवड्यापर्यंत. तो संपला आणि ओंकारनं लांबून कोरडा कडबा आणला. चाऱ्यातून येणारं पाणी एकदम बंद झालं. दुसरी कुठली गाय असती तर तिनं ते हौदावर भरून काढलं असतं. तहानेनं तिला तिथं ओढत नेलं असतं. या गाईंच्या मेंदूतली घंटा दाबून धरलेली होती. त्यांनी कडबा खाल्ला, क्षार चाटले, मचूळ पाण्याचे सवयीचे चार घोट घेतले आणि तृप्त चेहऱ्यानं रोज थोड्या थोड्या सुकत गेल्या.

तिनं इम्रानला फोन लावला. इम्रान शिकलगार तिच्या वर्गातला. तोष बनवणाऱ्या कंपनीत चाचण्यांचं काम बघत होता. तिनं आकडे वाचून दाखवले.

"कोरड्या चाऱ्यावर आम्ही चाचणी घेतलीच नाही, प्रणाली," तो म्हणाला. "पत्रकात लिहिलंय, ओल्या चाऱ्यासोबत द्या म्हणून."

"इम्रान, दुष्काळात ओला चारा कुणाकडे असतो?"

उत्तराची वाट न बघता तिनं पुढं विचारलं.

"कांडी बंद केली तर तहान कशी परत येईल? हळूहळू की एकदम?"

"आमच्याकडे हळूहळू आली. दोन-तीन दिवस लागले. पण आमच्या गायी तहानलेल्या नव्हत्या गं. तुझ्या..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. "खरं सांगू? मला माहीत नाही. मी परवापर्यंत तिथं पोचतो. पण तोवर एक लक्षात ठेव. तहान आली की त्यांना पोटभर पाणी देऊ नकोस."

"माहितीये मला," प्रणाली म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं ओंकारला आणि आप्पांना गोठ्याच्या पडवीत बसवून सगळं सांगितलं. ओंकारचा चेहरा उतरला.

"कांडी बंद म्हणजे पाणी दुप्पट. कुठनं आणू? आणि समज बंद नाही केली, हौदातलं पाणी नळीनं पाजलं तर?"

"एखाद-दुसरी असती तर पाजलं असतं. एवढ्या गोठ्याला दिवसातनं कितीदा नळी घालणार? त्यांनी आपणहून प्यायला हवं. आणि आपणहून प्यायचं तर तहान लागायला हवी."

"मग लागू दे की," आप्पा म्हणाले. "लागली की प्यातील. हौद भरल्याला हाय. टँकर मागवू."

"तिथंच तर धोका आहे, आप्पा." प्रणालीनं त्यांच्याकडे वळून सांगितलं. "रक्त खारट झालं की मेंदू आपल्या पेशींत मीठ साठवून धरतो, म्हणजे पाणी ओढलं जाऊन तो सुकत नाही. असे कित्येक दिवस गेलेत. आता एकदम भरपूर पाणी पोटात गेलं तर ते सगळं मेंदूत घुसेल. बेदाणा पाण्यात टाकल्यावर फुगतो ना, तसा मेंदू फुगेल. आणि कवटी काही वाढत नाही. गाय आपल्या डोळ्यांदेखत तडफडून मरेल. पाणी द्यायचं, पण थोडं. मग थांबायचं. मग परत थोडं. दोन-तीन दिवस असंच."

"तहानल्याल्या जनावराम्होरं पाणी ठेवायचं आन् पिऊ द्यायचं न्हाई?"

"दिसूसुद्धा द्यायचं नाही. हौद झाकावा लागेल."

आप्पांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि उठून चांदरीजवळ जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांडी बंद झाली. ज्यांच्या गायी होत्या ते सगळे गोठ्यात जमले. प्रणालीनं तेच पुन्हा सांगितलं, साध्या शब्दांत, दोनदा. हौदावर पत्रे टाकून वर दगड ठेवले. पाणी बादलीनंच द्यायचं, बादली ओंकारच्या हातची, आणि कितपत द्यायचं ते प्रणालीनं बादलीत आतून खूण करून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. डॉक्टरीणबाई सांगतायत म्हटल्यावर गाव ऐकायचं. आणि समोर गायी इतक्या शांत होत्या, की पाणी रोखून धरण्यात अवघड काय, हे कुणाला कळतच नव्हतं. तो दिवस तसाच गेला. सुलाबाईची गाय मात्र संध्याकाळी पाय ताठ करून आडवी झाली आणि उठली नाही. सुलाबाई तिच्या गळ्यातली घंटी सोडवत राहिली, गाठ काही तिला सुटेना.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर, तहान परत आली.

पहिल्यांदा एका कालवडीनं मान वर केली आणि नाकपुड्या फुलवून हवा हुंगली. मग ती हंबरली. कितीतरी महिन्यांनी त्या गोठ्यात हंबरणं ऐकू आलं. सुलाबाईनं दचकून पदर तोंडाला लावला. समोरच्या ओळीतून दुसरीनं साद दिली, मग तिसरीनं, आणि बघता बघता सगळा गोठा एका आवाजात ओरडू लागला. तो आवाज भुकेचा नव्हता, वासराला बोलावतानाचाही नव्हता. घशातून खरवडून काढलेला, कोरडा, माणसाच्या कण्हण्यासारखा. पत्र्यात तो घुमला आणि वाडीपर्यंत पोचला. माणसं हातातली कामं टाकून धावत आली.

गायी दाव्यांना हिसके देत होत्या. जिभा बाहेर लोंबत होत्या. एकीनं गव्हाणीचा ओलसर सिमेंटचा कोपरा चाटून चाटून जीभ रक्ताळून घेतली. सगळ्यांची तोंडं हौदाकडे वळली होती. पत्र्याखालचं पाणी त्यांना वासानं दिसत होतं.

"ओंकार, ओळीनं दे. खुणेपर्यंतच," प्रणाली ओरडली. तिचा आवाज त्या गदारोळात तिलाच ऐकू येईना.

ओंकार बादली घेऊन पहिल्या गाईपाशी गेला. गाईनं बादलीत तोंड घातलं आणि एका दमात ती कोरडी केली. मग बादलीचा तळ चाटला, आणि ओंकारनं बादली ओढून घेताच तिनं जी मान फिरवली, ती त्याच्या छातीवर बसली. तो कोलमडला, उठला, पुढच्या गाईकडे गेला. तो रडत होता हे प्रणालीला जवळून जाताना दिसलं.

लोक दाटीवाटीनं कठड्याशी उभे होते. मागून एक जण ओरडला, "आरं, पाणी असून पाजत न्हाई, ही कसली डाक्टरकी?" दुसरा म्हणाला, "माझी गाय हाय. मी पाजणार." तो पत्र्यावरचा दगड ढकलायला वाकला. प्रणाली धावत जाऊन पत्र्यावर बसली. तापलेल्या पत्र्यानं तिच्या मांड्या पोळल्या.

"तुमचीच आहे," ती म्हणाली. "मारायचीय का तुम्हाला? मारायची असेल तर मला उचला आणि पाजा."

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. तिला उचलायला त्याचा हात धजावला नाही, पण तो मागंही सरला नाही. तसाच उभा राहिला, मुठी आवळून. ती तिथून हलू शकत नव्हती. हलली असती तर पत्रे दूर झाले असते.

म्हणून आप्पा तिला दिसले नाहीत.

आप्पा घरी गेले होते. घरातल्या प्यायच्या पाण्याची कळशी त्यांनी धोतराच्या सोग्याखाली झाकून आणली आणि मागच्या दारानं आत येऊन चांदरीपुढच्या घमेल्यात ओतली. चांदरीनं ते पाणी संपवलं आणि त्यांच्या हाताला जीभ लावली. ते परत गेले. दुसरी कळशी आणली. मग तिसरी. हे पुढं त्यांनीच सांगितलं. त्या वेळी त्यांच्या मनात एवढंच होतं, की सगळा गोठा ओरडत असताना आपली चांदरी तरी गप्प झाली.

ओंकारनं हाक मारली तेव्हा चांदरी खाली पडलेली होती. प्रणाली पत्र्यावरून उडी टाकून धावली. गाईचे चारी पाय वल्ह्यांसारखे चालत होते, मान पाठीकडे वळलेली, डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. आप्पा तिचं डोकं मांडीवर घ्यायची धडपड करत होते आणि ते डोकं जमिनीवर आपटत होतं.

"काय दिलंत आप्पा? किती दिलंत?"

आप्पांनी घमेल्याकडे बोट दाखवलं.

प्रणालीनं बॅग उघडून बाटली काढली. मानेची शीर शोधून तिनं सुई घातली.

"काय घालतीस ह्ये?"

"घट्ट मिठाचं पाणी. मेंदूत शिरलेलं पाणी बाहेर ओढायला."

"मिठानं मरतीय म्हनलीस नव्हं तू? आन् मीठच घालतीस?" आप्पांचा आवाज चिरकला. "पोरी, मला कळंना गं काय ह्ये."

ती बाटली उंच धरून बसली. झटके थोडे कमी झाले, पुन्हा आले, पुन्हा कमी झाले. मग चांदरीनं एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतलाच नाही. बाटलीतलं औषध अर्धं तसंच राहिलं.

गायी ओरडतच होत्या, पण माणसं गप्प झाली होती. पत्र्याजवळ मुठी आवळून उभा असलेला तो माणूस पुढं आला, ओंकारच्या हातातली बादली त्यानं घेतली आणि विचारलं, "खूण कुठपतूर म्हनलासा, ताई?"

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायांनी ओळी वाटून घेतल्या. एका बादलीनंतर थांबायचं, हंबरडा ऐकत थांबायचं, ही शिक्षा सगळ्यांनी भोगली. कुणी कानात बोळे घातले, कुणी गाईच्या मानेला मिठी मारून उभं राहिलं. इम्रान दुपार कलताना पोचला. कपडे न बदलता, कुणाशी न बोलता तो बादल्या उचलू लागला. प्रणाली गाईगाईशी जाऊन रक्त तपासत होती. आकडे उतरत होते, पण इतके सावकाश, की प्रत्येक तपासणीपाशी तिचा जीव टांगणीला लागायचा. आणखी दोन गायी गेल्या. बाकीच्या तगल्या. तिसऱ्या दिवशी हौदावरचे पत्रे काढले, तेव्हा कुणी आनंदानं ओरडलं नाही. सगळे नुसते बसून गाईंच्या घशातला घोटांचा आवाज ऐकत राहिले.

आप्पा प्रणालीशी बोलेनासे झाले. रागानं नव्हे. ती पुढ्यात आली की ते मान खाली घालत आणि भाकरी तशीच टाकून उठत. तिनं एकदा म्हटलं, "आप्पा, तुमच्या जागी कुणीही..." त्यांनी हातानंच थांबवलं. ओंकारला ती म्हणाली, "मी त्यांना जवळ बसवून नीट सांगायला हवं होतं, एकट्याला." ओंकार म्हणाला, "त्यांना कळलं नव्हतं असं नाही गं. त्यांना बघवलं नाही."

पण खरं संकट पुढंच होतं. तहान परतली होती, पाणी परतलं नव्हतं. तोषच्या भरवशावर गावानं जेवढी जनावरं वाढवली, तेवढ्यांना पुरेल इतकं पाणी बोरखडीत आता कुठूनही येणार नव्हतं. इम्रान जाताना म्हणाला होता, कंपनी कांडी मागं घेईल, सुधारेल, कोरड्या चाऱ्यावर नव्यानं चाचण्या करील. गावच्या बैठकीत एकानं विचारलं, "ती सुधारल्याली कांडी कवा येईल?" आणि प्रणालीच्या लक्षात आलं, की विचारणाऱ्याच्या आवाजात राग नव्हता, आशा होती. त्या आवाजाची तिला गायींच्या हंबरड्याइतकीच भीती वाटली.

"येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "तोवर जेवढं पाणी तेवढीच जनावरं. निम्म्या गायी दुसरीकडे न्याव्या लागतील."

कृष्णाकाठी आप्पांच्या मेहुण्याचं गाव होतं. तिथं नदीला धरणाचं पाणी होतं, चाऱ्याला उसाचं वाढं होतं. मेहुण्यानं जागा देऊ केली. गायींबरोबर कोण जाणार, अशी चर्चा चालू झाली, तेव्हा इतके दिवस कोपऱ्यात बसून असलेले आप्पा म्हणाले, "म्या जातो."

गाड्या भरल्या त्या सकाळी प्रणालीनं प्रत्येक गाईचं रक्त शेवटचं तपासलं. सगळे आकडे जागेवर होते. आप्पा घोंगडी खांद्यावर टाकून पुढच्या गाडीत चढले. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. तिनं पाण्याची बाटली वर दिली. ती त्यांनी घेतली.

दुपारी तिचा फोन वाजला. आप्पांचा होता. आप्पा कधी आपणहून फोन करत नसत.

"आप्पा? काय झालं? कुठली पडली?"

"कुठली न्हाई पडली." मागं गाड्यांची फळकुटं आपटल्याचा आवाज येत होता, गायी हंबरत होत्या. आप्पांना धाप लागली होती. "पोचलो. खाली उतरवल्यात. नदी हितनं दिसतीया, पोरी. समद्या तिकडंच वढ घेत्यात. मानसांनी कासरं धरल्यात, पर किती येळ धरतील." ते थांबले. "सोडू का?"

प्रणालीच्या डोळ्यांपुढं घमेलं आलं. सकाळचे आकडे तिला पाठ होते, सगळे जागेवर होते. शास्त्र सांगत होतं, धोका नाही. तरी ऊन किती होतं, प्रवास किती झाला, वाटेत पाणी दिलं का, किती दिलं, हे सगळं तिनं विचारलं आणि आप्पांनी एकेकाचं उत्तर दिलं, शाळेतल्या पोरासारखं, नीट, घाई न करता. कासरे धरलेली माणसं मागून ओरडत होती. आप्पा त्यांना म्हणत होते, "थांबा जरा. इचारतोय."

"सोडा, आप्पा," ती म्हणाली. "पिऊ द्या पोटभर."

फोन चालूच राहिला. खुरांचा आवाज आला, मग चिखलाचा, मग पाण्याचा. माणसांची आरोळी आली आणि विरली. मग बराच वेळ काहीच नाही.

"आप्पा?" तिनं विचारलं. "आप्पा, आहात ना?"

"हाय," आप्पा म्हणाले. "पित्यात."